ग्राफिक्स कार्ड आत्ता घेऊ की थांबू? (जुनं १०६०, बजेट पन्नास हजार)

बार्देशकर
१३ डिसेंबर २०२५, रात्री ९:४०

मंडळी, महिनाभर व्हिडिओ बघून डोक्याचा पार भुगा झालाय, म्हणून धागा काढतोय.

मशीन २०१८ सालचं. प्रोसेसर रायझन ५ २६००, बी४५० मदरबोर्ड, १६ जीबी डीडीआर४ रॅम, ग्राफिक्स कार्ड जीटीएक्स १०६० ६ जीबी. मॉनिटर २४ इंची, १०८०पी, ६० हर्ट्झ. म्हापशातच असेंबल करून घेतलेलं. विंडोज ११ टाकून झालंय, त्याची काळजी नाही.

मित्रांबरोबर व्हॅलोरंट, एकट्यानं एल्डन रिंग, आणि सायबरपंक २०७७ सगळी सेटिंग्ज खाली ओढून. इथवर कार्डानं साथ दिली. पण इंडियाना जोन्सचा गेम खेळायचाय आणि त्याची किमान अटच आरटीएक्स २०६० सुपर. हार्डवेअर रे ट्रेसिंग (उजेड-सावल्यांचा हिशोब कार्डातच करणं) नसेल तर विषयच संपला. डूम : द डार्क एजेसचंही तेच. वर एनव्हिडियानं १०-सिरीजला ऑक्टोबरपासून नवीन गेम रेडी ड्रायव्हर (नव्या गेमसाठी कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) देणं बंद केलंय.

दुकानदार म्हणतो आत्ताच घे, भाव चढणार. (तो असं म्हणणारच.) ऑफिसातला मित्र म्हणतो जीटीए ६ हा गेम येईपर्यंत थांब, मग एकदाच काय ते घे. आई म्हणते आहे ते चालतंय ना? बजेट पन्नास, ताणलं तर बावन्न. काय करू?


सासष्टीचो_गेमर
१३ डिसेंबर, रात्री १०:०५

पात्रांव, त्या मित्राला आधी एक सोडा पाज. जीटीए ६ ची तारीख पुढे ढकलून १९ नोव्हेंबर २०२६ केलीय, आणि तीही फक्त पीएस५ आणि एक्सबॉक्ससाठी. पीसीसाठी तारीख सोड, घोषणासुद्धा नाही. जीटीए ५ कन्सोलवर सप्टेंबर २०१३ मध्ये आला आणि पीसीवर एप्रिल २०१५ मध्ये. त्याच कंपनीच्या रेड डेड २ ला वर्षभर लागलं, ऑक्टोबर २०१८ ते नोव्हेंबर २०१९. या हिशोबानं तुझ्या हातात पीसीवरचा जीटीए ६ कधी पडेल ते तूच ठरव. तोवर १०६० वर दिवस काढणार?


सुशेगाद
१३ डिसेंबर, रात्री १०:३१

मी उलट बाजूनं बोलतो, नाहीतर इथे सगळे मिळून त्याचा खिसा रिकामा करतील.

तुझा मॉनिटर ६० हर्ट्झचा. व्हॅलोरंट १०६० वर सुखात चालतो. एल्डन रिंग तर ६० एफपीएसलाच (सेकंदाला ६० फ्रेम) बांधलेला आहे. म्हणजे अडचण नेमकी दोन गेमची. दोन गेमसाठी पन्नास हजार?

ड्रायव्हर बंद म्हणून कार्ड मेलं असंही नाही. सुरक्षेचे अपडेट तिमाहीला एकदा, ऑक्टोबर २०२८ पर्यंत येत राहणार आहेत. जुने गेम जसे चालतायत तसेच चालतील.

माझा नियम साधा. खेळायचाय म्हणजे खेळायचाच, असा गेम अडला की घ्यायचं. तोवर पैसे बँकेत.


बार्देशकर
१३ डिसेंबर, रात्री १०:५०

@सुशेगाद, पटतंय थोडं. पण एक गोष्ट लिहायची राहिली. गावच्या काल्याला (देवळाच्या उत्सवाला) जी नाटकं होतात ती मी शूट करतो आणि एडिट करून देतो. पैसे नाही मिळत, हौस. नाटक कसलं, चार-चार तास चालतं! आता मंडळाला ४के पाहिजे. डाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये कलर करायला आणि नॉइज (चित्रातले दाणे) काढायला घेतलं की 'जीपीयू मेमरी फुल' असा मेसेज येतो आणि सगळं ठप्प. रंगमंचावर उजेड कमी, त्यामुळे नॉइज काढल्याशिवाय बघवत नाही.


मीनल_फोंडा
१३ डिसेंबर, रात्री ११:१५

हे आधी सांगायचं ना! गेमपेक्षा हेच कारण मोठं आहे. रिझॉल्व्हला कार्डावरची मेमरी लागते, ४के टाइमलाइनवर ६ जीबी म्हणजे चणेफुटाणे. ८ जीबीचं कार्ड घेतलंस तर पुन्हा तोच मेसेज बघशील. तुझ्यासाठी १६ जीबी, खाली नाही.

आता 'थांबू का' याबद्दल. थांबायचं असेल तर कशासाठी, ते नाव घेऊन सांगता आलं पाहिजे. एनव्हिडियाच्या नव्या पिढ्या बघा : १०-सिरीज मे २०१६, २०-सिरीज सप्टेंबर २०१८, ३०-सिरीज सप्टेंबर २०२०, ४०-सिरीज ऑक्टोबर २०२२, ५०-सिरीज जानेवारी २०२५. दर दोन-सव्वादोन वर्षांनी. आणि आपल्यासारख्यांना परवडणारी साठीतली (नंबर ६० नं संपणारी) कार्डं त्यानंतर काही महिन्यांनी येतात. ३०६० फेब्रुवारी २०२१ मध्ये, ४०६० जून २०२३ मध्ये, ५०६० मे २०२५ मध्ये. म्हणजे पुढचं साठीवालं कार्ड काही दारात उभं नाहीये. एएमडीचं ९०६० एक्सटी पण याच जूनचं. तू या फेऱ्याच्या सुरुवातीला आहेस, शेवटाला नाही. फेऱ्याच्या शेवटी 'थांब' म्हणण्यात अर्थ असतो.


वास्को_द_गेमा
१३ डिसेंबर, रात्री ११:२२

वाचतोय. माझं १६५० आहे, तेव्हा मला या प्रश्नाचा हक्कच नाही.


सासष्टीचो_गेमर
१३ डिसेंबर, रात्री ११:३०

@वास्को_द_गेमा आयडी बघून हसलो.


मडगाव_जंक्शन
१४ डिसेंबर, सकाळी ८:१०

दुकानदार या वेळी खरं बोलतोय, असं नाईलाजानं म्हणावं लागतंय.

मेमरी बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या तीन : सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. तिघींना एआय डेटा सेंटरवाल्यांनी घेरलंय, आणि तिथे नफा जास्त, म्हणून कारखान्यातली क्षमता तिकडे वळतेय. ३ डिसेंबरला मायक्रॉननं जाहीर केलं की 'क्रुशल' हा आपल्यासारख्यांसाठीचा ब्रँडच बंद करतोय, फेब्रुवारी २०२६ पर्यंत माल देणार. आमच्या ऑफिसला गेल्या उन्हाळ्यात घेतलेल्या रॅमचं आज कोटेशन मागवलं तर दुपटीच्या वर आलं. डीडीआर४ पण सुटलेली नाही.

ग्राफिक्स कार्डावरची जीडीडीआर मेमरी पण याच तीन घरांतून येते. सगळ्यात जास्त फटका बसेल तो जास्त मेमरी आणि कमी किंमत असलेल्या कार्डाला, म्हणजे नेमकं तू बघतोयस त्याला. त्यात डॉलर नव्वदीच्या घरात.

आणि हो, तुझी ती १६ जीबी डीडीआर४ जपून ठेव. नवा बोर्ड, डीडीआर५ वगैरे स्वप्नं आत्ता नकोत.


सुशेगाद
१४ डिसेंबर, सकाळी ९:०२

भाव चढणार, भाव चढणार, हे २०२१ मध्येही ऐकलं होतं. तेव्हा ३०६० अमेरिकेत ३२९ डॉलरला जाहीर झालं आणि इकडे लोकांनी दुप्पट मोजून घेतलं. सप्टेंबर २०२२ मध्ये ग्राफिक्स कार्डांवर चालणारं इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग बंद झालं आणि भाव आपटले. जे बसून राहिले ते जिंकले.


मीनल_फोंडा
१४ डिसेंबर, सकाळी ९:४०

बसून राहिले म्हणजे दीड वर्ष बसले, तेही हाताशी चालतं कार्ड असलेले. शिवाय २०२१ मध्ये भाव आधीच चढलेले होते, चढत्या भावात घेऊ नका हा सल्ला तेव्हा बरोबर होता. आज कार्डं अजून जाहीर किमतीच्या आसपास मिळतायत, चढलीय ती रॅम. दोन्ही प्रसंग एकाच मापानं मोजू नका.

हिशोब मांडते. अमेरिकेतली जाहीर किंमत कराशिवाय असते, आपल्याकडे १८ टक्के जीएसटी धरायचा. डॉलर नव्वद धरला तर :

इंटेलचं आर्क बी५८० १२ जीबी, २४९ डॉलर : साडेसव्वीस हजारांच्या आत.
आरटीएक्स ५०६० ८ जीबी, २९९ डॉलर : पावणेबत्तीस.
आरएक्स ९०६० एक्सटी १६ जीबी, ३४९ डॉलर : सदतीस.
आरटीएक्स ५०६० टीआय १६ जीबी, ४२९ डॉलर : साडेपंचेचाळीस.

दुकानदारानं यापेक्षा फार वर सांगितलं तर का म्हणून विचारा. खाली सांगितलं तर घेऊन टाका.


सासष्टीचो_गेमर
१४ डिसेंबर, सकाळी १०:१५

मग बी५८० का नको? १२ जीबी, साडेसव्वीस! एवढ्यात तर वर मॉनिटर पण येईल.


मीनल_फोंडा
१४ डिसेंबर, सकाळी १०:४८

कारण त्याचा प्रोसेसर २६०० आहे. आर्कला रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) लागतोच, आणि २६०० वर तो अधिकृतपणे मिळत नाही. शिवाय इंटेलचा ड्रायव्हर प्रोसेसरवर बराच भार टाकतो. बी५८० आल्यावर जुन्या रायझनवर त्याच्या चाचण्या झाल्या तेव्हा काही गेममध्ये एफपीएस फार पडले होते. नव्या प्रोसेसरवर ते कार्ड छान आहे. याच्याकडे नको.

आता बी४५० ची गोष्ट, कारण दुकानात हे कुणी सांगत नाही. हा बोर्ड पीसीआयई ३.० चा. पीसीआयई म्हणजे कार्ड आणि बोर्ड यांच्यातला डेटाचा रस्ता, त्याच्या पदरांना लेन म्हणतात. ५०६० आणि ५०६० टीआय ही दोन्ही कार्डं १६ ऐवजी ८ लेन वापरतात. ५.० च्या बोर्डावर ८ लेन पुरून उरतात. पण ३.० वर त्या आठ लेनमधून सेकंदाला जेमतेम ८ जीबी डेटा जातो. कार्डाची स्वतःची मेमरी मात्र सेकंदाला ४४८ जीबीनं चालते. जोवर सगळं कार्डाच्या मेमरीत मावतंय तोवर हा फरक कुणाला कळत नाही. ८ जीबी भरली आणि टेक्स्चर सिस्टिमच्या रॅममधून आणायची वेळ आली, की चौपदरी हायवेवरनं थेट मांडवीच्या फेरीबोटीत चढल्यासारखं होतं. सरासरी एफपीएस ठीक दिसतात, पण गेम मधूनमधून अडखळतो.

एएमडीचं ६५०० एक्सटी आठवतंय? जानेवारी २०२२, ४ जीबी, चारच लेन. ३.० च्या बोर्डावर त्याची अवस्था बघवत नव्हती.

म्हणून या बोर्डावर ८ जीबीचं नवं कार्ड घेऊच नये असं माझं मत. ९०६० एक्सटीला पूर्ण १६ लेन आहेत. ५०६० टीआय आठच लेनचं असलं तरी १६ जीबी असल्यानं सहसा अडणार नाही.


बार्देशकर
१४ डिसेंबर, सकाळी ११:२०

मीनलताई, दंडवत! आता ९०६० एक्सटी की ५०६० टीआय एवढंच उरलं. आणि प्रोसेसर? सगळे म्हणतात २६०० नवीन कार्डाला अडवणार. मग कार्ड घेऊन उपयोग काय?


मीनल_फोंडा
१४ डिसेंबर, सकाळी ११:३५

सगळे म्हणतात ते बाजूला ठेव आणि स्वतः बघ. सायबरपंकमध्ये गर्दीच्या चौकात उभा राहा. आफ्टरबर्नर (कार्डाचा वापर दाखवणारं सॉफ्टवेअर) लाव, कार्डाचा वापर किती टक्के ते बघ. मग रिझोल्यूशन ७२०पी कर, त्याच जागी, त्याच वेळी. एफपीएस वाढत वाढत जिथे थांबतील तो तुझ्या प्रोसेसरचा माथा. कार्ड कुठलंही घातलंस तरी त्याच्या वर जाणार नाहीस.


बार्देशकर
१४ डिसेंबर, दुपारी १:०५

केलं. १०८०पीला ३८ ते ४०, कार्ड ९९ टक्के. ७२०पीला साठीच्या आसपास जाऊन थांबलं आणि कार्ड सत्तर टक्क्यांवर आलं. जेवायला हाक मारून मारून आई कंटाळली.


मीनल_फोंडा
१४ डिसेंबर, दुपारी १:३०

झालं तर मग. या गेममध्ये २६०० चा माथा साठ, आणि तुझा मॉनिटरही साठचाच. आज तुला अडवतंय ते कार्ड, प्रोसेसर नाही. रे ट्रेसिंग चालू केलंस की प्रोसेसरवरही ओझं येतं, तेव्हा माथा थोडा खाली येईल, ते धरून चाल. पुढे कधी १४४ हर्ट्झचा मॉनिटर आणलास तर २६०० बोचायला लागेल. तेव्हा याच बोर्डावर रायझन ५ ५६०० बसतो. बायोस (बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करायचं, जुना काढायचा, नवा ठेवायचा. वॅट तेवढेच, ६५.

दोन कार्डांतला फरक माझ्या हिशोबानं साडेआठ हजार. ५६०० साधारण तेवढ्यालाच पडतो, थोडे वर. मी तरी ५०६० टीआयच्या ऐवजी ९०६० एक्सटी आणि नंतर ५६०० असं केलं असतं.


सुशेगाद
१४ डिसेंबर, दुपारी २:१०

एडिटिंगला एनव्हिडियाच बरं, असं आम्ही ऐकत आलोय. म्हणजे मी विरोधातच आहे, पण घ्यायचंच तर नीट घ्या.


मीनल_फोंडा
१४ डिसेंबर, दुपारी २:२५

मुद्दा खरा आहे. कूडा (फक्त एनव्हिडियाच्या कार्डांवर चालणारं तंत्र) लागणारे प्लगिन, ब्लेंडर, घरी एआयचे प्रयोग, यांतलं काही करायचं असेल तर डोळे मिटून ५०६० टीआय. पण चार तासांचं नाटक कापायचं, नॉइज काढायचा आणि एक्स्पोर्ट करायचं, एवढ्याला ९०६० एक्सटी पुरतं. वेग थोडा कमी असेल, रात्रीचं लावून झोपायचं. मेमरी पुरली नाही तर मात्र काम होतच नाही. मंडळाला सकाळी पेन ड्राइव्ह मिळाला की झालं.


पेडणेकर
१४ डिसेंबर, सायंकाळी ५:४०

नमस्कार. मी गेम खेळत नाही, नातू खेळतो. इलेक्ट्रिकचं काम आयुष्यभर केलं म्हणून एक विचारतो. एवढ्या चर्चेत एसएमपीएसचं (मशीनला वीज देणाऱ्या पेटीचं) नाव कुणी काढलं नाही. कुठला आहे? पेटीवर मोठ्या अक्षरात किती वॅट लिहिलंय ते नको सांगू. बाजूला छोटा तक्ता असतो, त्यात +१२ व्होल्टच्या खाली किती अँपिअर लिहिलेत ते वाच.


बार्देशकर
१४ डिसेंबर, सायंकाळी ६:१५

काका, पाठचं झाकण काढून टॉर्च मारून बघितलं. मोठ्या अक्षरात ४५० वॅट. तक्त्यात +१२ व्होल्ट, १८ ए. कंपनीचं नाव कधी ऐकलेलं नाही. कार्डाला जाणारी वायर सहा पिनांची, एकच.


पेडणेकर
१४ डिसेंबर, सायंकाळी ६:५०

बारा गुणिले अठरा, दोनशे सोळा. कार्ड आणि प्रोसेसर दोघंही बारा व्होल्टवरच जगतात, तेव्हा तुझ्या कामाचे वॅट एवढेच. साडेचारशे हा आकडा बाकीच्या सगळ्या लाइनी मिळवून केलेला, तोही कागदावर. आज १०६० चे १२०, प्रोसेसरचे ६५ आणि जोर आला की जास्त, वर पंखे, हार्ड डिस्क. म्हणजे आत्ताच तू काठावर आहेस. ९०६० एक्सटी १६० वॅटचं आहे असं नातू सांगतो. ते या पेटीवर लावू नकोस. सहा पिनेला आठ पिनेचा जोड लावून दुकानदार बसवून देईल, ते तर मुळीच नको. बऱ्या कंपनीचा ५५० वॅटचा घे, ज्याच्या १२ व्होल्टवर चाळीसच्या वर अँपिअर असतील. चार-पाच हजार जातील. कार्डाच्या आधी हा.

दुसरं, घरात इन्व्हर्टर आहे का? स्क्वेअर वेव्हचा की प्युअर साइनचा?


बार्देशकर
१४ डिसेंबर, सायंकाळी ७:०५

इन्व्हर्टर आहे, जुना. वेव्हचं माहीत नाही, पण तो चालू झाला की पंखा घुंऽऽ करतो. कॉम्प्युटर त्याच्यावर नाही. त्याला वेगळा ६०० व्हीएचा यूपीएस आहे.


पेडणेकर
१४ डिसेंबर, सायंकाळी ७:३०

पंखा घुमतो म्हणजे स्क्वेअर वेव्ह. नवीन चांगल्या एसएमपीएसमध्ये ॲक्टिव्ह पीएफसी नावाचं सर्किट असतं, त्याला असली वेव्ह मानवत नाही. लाइट गेली की मशीन बंद पडतं आणि लोक कार्डाला दोष देतात. कॉम्प्युटर त्याच्यावर नाही ते बरं.

६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे खरे ३६० वॅट. तुझं नवं मशीन गेममध्ये तीनशेच्या आसपास खाईल, वर मॉनिटर. बॅटरी ताजी असेल तर बंद करण्यापुरता वेळ देईल. बॅटरी जुनी असेल तर दिवा गेल्याबरोबर तोही जाईल. पाऊस सुरू व्हायच्या आत बॅटरी बदल. पहिल्या वळवाला फांद्या तारांवर पडतात, लाइट जाते-येते, जाते-येते. येताना जो झटका बसतो तो वाईट. अर्थिंग तपासून घे. प्लगच्या वरच्या भोकात नुसती रिकामी वायर असलेली घरं आपल्याकडे कमी नाहीत.

आणि ते बायोस अपडेट जे मीनलबाई म्हणाल्या, ते करशील तेव्हा यूपीएस पूर्ण चार्ज करून. मध्ये लाइट गेली तर बोर्डच उठणार नाही.


मीनल_फोंडा
१४ डिसेंबर, रात्री ८:००

काका, हे सगळं आमच्या लक्षातच आलं नसतं. बायोसचा मुद्दा तर शंभर टक्के.


कांदोळी_कॅम्पर
१४ डिसेंबर, रात्री ८:४५

उशिरा आलो. सेकंड हँड कुणी सुचवलं नाही म्हणून सांगतो. ३०६० १२ जीबी फिरतायत बाजारात, नव्या ९०६० एक्सटीच्या निम्म्यात. १७० वॅट, पूर्ण १६ लेन, एनव्हिडिया. याच्या कामाला वाईट नाही.

पण आपल्या किनारपट्टीवरचं कार्ड घेताना मायनिंगपेक्षा खाऱ्या वाऱ्याला जास्त भ्यावं. कार्ड हातात घेऊन मागची पत्र्याची पट्टी बघायची, जिथे एचडीएमआय लावतात ती. तिच्या कडेला तांबूस ठिपके असतील, स्क्रूची डोकी काळी पडली असतील, तर ते समुद्रासमोरच्या फ्लॅटमधलं आहे. उघड्या खिडकीत ठेवलेलं असणार. मग पंख्यावर बोट लावून फिरवायचं. अलगद फिरून थांबला तर ठीक, चरचरला तर बेअरिंग गेलंय. पट्टीच्या फटीतून आत टॉर्च मारायची, सोल्डरवर हिरवट पांढरी बुरशी दिसली तर नमस्कार करून निघायचं. विकणारा कितीही देवमाणूस असो. आणि त्याच्याच घरी, त्याच्याच मशीनवर, निदान अर्धा तास गेम चालवून बघायचा. पाच मिनिटांत काही कळत नाही, तापायला वेळ लागतो.


बार्देशकर
१४ डिसेंबर, रात्री ९:१०

आमचं घर समुद्रापासून आत आहे, पण पावसात भिंतींनाच बुरशी येते. सेकंड हँडला हिंमत होत नाही. वॉरंटी पाहिजे.


कांदोळी_कॅम्पर
१४ डिसेंबर, रात्री ९:३०

मग पावसात रोज थोडा वेळ तरी मशीन चालू ठेव. चवथीला गावाला जाऊन आठवडाभर बंद, आणि आल्यावर एकदम गेम, असं नको. आतल्या उबेनंच दमटपणा जातो.


मडगाव_जंक्शन
१४ डिसेंबर, रात्री १०:००

वॉरंटीवरून आठवलं. घेणार कुठून? ऑनलाइन, मुंबईत लॅमिंग्टन रोडला जाऊन, की इथेच?

मी स्वतः एकदा बाहेरून मागवलं होतं, हजार-बाराशे वाचले. पुढल्या पावसाळ्यात कार्ड स्क्रीनवर रेघा दाखवायला लागलं. मग काय, कुरिअरनं पाठवा, त्यांचा मेल, आमचा मेल, 'बिलाची स्पष्ट प्रत पाठवा', 'बॉक्सवरच्या सिरियलचा फोटो पाठवा'. कार्ड आलं दुरुस्त होऊन, पण तोवर चवथ येऊन गेली. माझ्या शेजाऱ्यानं इथल्याच दुकानातून घेतलेलं, त्याचं बिघडलं तर दुकानदारानं स्वतः पाठवलं आणि मधल्या काळात एक जुनं कार्ड लावून दिलं. त्या हजार-बाराशेंची किंमत तेव्हा कळते.

तेव्हा इथलं कोटेशन घे, मीनलच्या आकड्यांशी ताडून बघ, दीड-दोन हजार वर असेल तर इथेच घे. पाच हजार वर असेल तर ऑनलाइन. पार्सल उघडताना सुरुवातीपासून सलग व्हिडिओ काढ, मध्ये कट नको. बिल जीएसटीचं, त्यावर सिरियल नंबर लिहून घे. वॉरंटी कार्डावर चालते की बिलावर, आणि किती वर्षांची, तेही घ्यायच्या आधी विचार. बहुतेक कंपन्या तीन देतात.


वास्को_द_गेमा
१४ डिसेंबर, रात्री १०:२०

पीएस५ घे ना सरळ. पन्नासच्या वर थोडं, आणि जीटीए ६ पहिल्या दिवशी.


सासष्टीचो_गेमर
१४ डिसेंबर, रात्री १०:२४

आणि काल्याचं नाटक काय कंट्रोलरनं एडिट करणार?


सुशेगाद
१४ डिसेंबर, रात्री १०:५५

मी माझं मत अर्धं मागे घेतो. नुसत्या गेमसाठी असतं तर अजूनही थांबच म्हटलं असतं. ४के नाटकासाठी १०६० चालणार नाही हे खरं, आणि मेमरीचा भाव खाली येईल अशी वाट बघायला त्याच्याकडे कारण नाही. पण ५६०० आणि मॉनिटर आत्ता घेऊ नकोस. एकदा खोका उघडला की लोकांना सगळंच बदलावंसं वाटतं.

आणि नव्या कार्डाबरोबर फ्रेम जनरेशनचे (मधल्या फ्रेम कार्डानंच बनवून वाढवलेले) आकडे दाखवतील, १२०, १५०. तुझ्या ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर त्याचा काडीचा उपयोग नाही. बंद ठेव. एफएसआर ४ (कमी रिझोल्यूशनचं चित्र मोठं करून दाखवणारा) मात्र वापर, तो ९०६० एक्सटीला मिळतो आणि १०८०पीलाही बरा दिसतो.


बार्देशकर
१६ डिसेंबर, रात्री ९:१५

अपडेट. म्हापशातल्या दोन आणि पणजीतल्या एका दुकानातून कोटेशन घेतलं. दोघांकडे ९०६० एक्सटीचं फक्त ८ जीबी होतं आणि 'सेम कार्ड आहे, फरक पडत नाही' असं तोंडावर सांगितलं. तिसऱ्याकडे १६ जीबी, मीनलताईंच्या आकड्यापेक्षा साधारण दीड हजार वर. बिल, सिरियल सगळं देतो म्हणाला. बिघडलं तर इथूनच पाठवणार.

एसएमपीएस आज आणला. ५५० वॅट, काकांनी सांगितलेला तक्ता दुकानातच काउंटरवर खोका उघडून वाचला, ४५ अँपिअर. आठ पिनेची वायर स्वतःची. दुकानदार बघतच राहिला. कार्ड शनिवारी, पगार तोवर येतोय. ५६०० नाही, मॉनिटर नाही. उरलेल्यात यूपीएसची बॅटरी आणि अर्थिंगवाल्याचे पैसे.

एकच शंका. माझा केस लहान आहे. टेपनं मोजलं तर कार्डाच्या जागी साडेसव्वीस सेंटिमीटर मिळतात, पुढे हार्ड डिस्कचा पिंजरा आडवा येतो. तीन पंख्यांचं मॉडेल बसणार नाही ना?


कांदोळी_कॅम्पर
१६ डिसेंबर, रात्री ९:४०

नाही बसणार. दोन पंख्यांचं घे, पण त्याचीही लांबी खोक्यावर नाही तर कंपनीच्या साइटवर बघ. पिंजरा बहुतेक केसमध्ये चार स्क्रूंवर असतो, बाजूचे दोन आणि खालचे दोन. मशीन आडवं कर, खालचे दोन तळाच्या बाजूनं दिसतील. डिस्क वरच्या डीव्हीडीच्या जागेत सरकव.


पेडणेकर
१६ डिसेंबर, रात्री ९:५५

आधी मेन स्विच बंद.


सासष्टीचो_गेमर
१६ डिसेंबर, रात्री १०:०२

१०६० चं काय करणार? वास्कोवाला १६५० घेऊन बसलाय.


वास्को_द_गेमा
१६ डिसेंबर, रात्री १०:०४

पट्टीचा फोटो टाक. मागची. कडेला ठिपके नसतील तर बोलू.